बंदी आली ती न्हाणीवाल्यांमुळे
शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी विस्तव पेटवायला मनाई असते. 'पाणी शुक्रवारीच तापवून ठेवलं तर शब्बाथला आंघोळ करायला हरकत कसली, विस्तव तर पेटवत नाही' असं कुणी विचारलं, तर तो मुद्दा मला पटतो. मुळात रीत तशीच होती. ताल्मूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या 'शब्बाथ' नावाच्या भागात, चाळिसाव्या पानावर, पुढची हकीकत आहे. हमामवाले, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरं चालवणारे, शब्बाथलाच पाणी तापवू लागले आणि 'कालचंच आहे' म्हणू लागले. म्हणून गरम पाण्याची आंघोळ बंद झाली, हमामच्या उष्णतेत बसून नुसता घाम काढायला मोकळीक राहिली. मग लोक आंघोळ करून 'घाम काढतोय' सांगू लागले, तेव्हा तेही बंद. इस्राएलमधल्या तिबेरियास गावचे नैसर्गिक गरम झरेसुद्धा काही काळ बंद होते. पण लोकांना हे झेपत नाही असं दिसल्यावर झऱ्यांची बंदी उठवली. ही माघार मला फार मोलाची वाटते.

आधी तापवलेल्या पाण्याने तोंड, हातपाय धुवायला मात्र आजही परवानगी आहे. घरच्या बॉयलरचा प्रश्न निराळा आहे: गरम नळ सोडला की टाकीत गार पाणी शिरतं आणि तापतं, म्हणजे शब्बाथला प्रत्यक्ष पाणी तापवल्यासारखंच होतं. म्हणून तो नळ हात धुवायलाही सोडत नाहीत.