फिनिक्स (अमेरिका): मागच्या अंगणात रॅटलस्नेक, घरात लॅब्रॅडॉर

नवा_भाडेकरू: घरामागे उघडं वाळवंट, मधे लोखंडी गजांचं कुंपण. रॅटलस्नेक (शेपटीला खुळखुळा असलेला विषारी साप) आत येऊ नये म्हणून काय करावं? कुत्र्याला चावलाच तर?

निवडुंग: गजांमधून साप आरामात येतो. पाव इंच भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी गजांना बाहेरून तारेने बांधा. वर ३ फूट, खाली ६ इंच जमिनीत. फाटकाखालची फट हमखास राहून जाते, तिथे रबरी पट्टी ठोका. गंधक, डांबरगोळ्या म्हणजे पैसे पाण्यात.

प्राणीवैद्य: चावा बहुधा नाकाडावर नाहीतर पुढच्या पायावर. गळपट्टा लगेच काढा, सूज मानेपर्यंत जाते. चालवू नका, उचलून न्या. बर्फ, चिरा, आवळून बांधणं काही नको. आयबुप्रोफेन तर मुळीच नको, रक्तस्राव वाढतो. निघतानाच फोन करून प्रतिविष आहे का विचारा. सगळ्या दवाखान्यांत ठेवत नाहीत.

नवा_भाडेकरू: कुत्र्याला सापाच्या विषाविरुद्धची लस टोचून घेतली तर?

प्राणीवैद्य: फायद्याचा भक्कम पुरावा नाही. टोचली तरी दवाखाना चुकत नाही.

खवले: खुळखुळ्याच्या भरवशावर राहू नका, न वाजवताही चावतो. माणसाला चावला तर अंगठ्या-घड्याळ काढून ९११ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन. आणि मेलेल्या सापाचं मुंडकं हाताळू नका, तासाभरानेही डसतं. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यासाठी, इथे निरुपयोगी.