गुडघ्याची वाटी बदलायची की तशीच ठेवायची? आईच्या ऑपरेशनबद्दल मदत हवी आहे

आई ६८ वर्षांची, उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट पुढच्या महिन्यात ठरलंय. साधा झिजेचा संधिवात आहे, रूमॅटॉइड नाही. सपाटीवर ती बरी चालते पण जिना उतरताना कठडा धरून उलटी उतरते, आणि खुर्चीतून उठताना वाटीवर हात ठेवला तर जात्यासारखं करकर लागतं हाताला.

प्रॉब्लेम असा की दोन सर्जन दोन गोष्टी सांगतायत. आपण सरसकट "वाट्या बदलल्या" म्हणतो ना, मलाही तेच वाटायचं, पण पहिल्या डॉक्टरांकडे कळलं की मांडीच्या आणि नडगीच्या हाडावर कॅप बसवतात आणि खरी वाटी बऱ्याचदा जागेवरच असते. (मावशीचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली, तिची वाटी तिचीच आहे हे तिलाही आत्ता कळलं!) ते म्हणाले वाटीला हात लावायचा नाही, आईची वाटी पातळ आहे, मागून तासून प्लॅस्टिकचं बटण सिमेंटने बसवलं तर उरलेलं हाड फ्रॅक्चर व्हायची भीती. दुसरे म्हणाले दुखणं मुख्यतः वाटीमागेच आहे तर ती तशीच ठेवून कसं चालेल, नंतर पुढून दुखत राहिलं तर परत टेबलावर जावं लागेल, आणि तेव्हा बटण बसवूनही दुखणं जाईलच असं नाही.

नेटवर वाचून डोकं अजून फिरलं. अमेरिकेत बहुतेकांना वाटीमागे हे बटण बसवतात, स्वीडनमध्ये क्वचितच, आणि ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२० ची गाइडलाइन म्हणते की पेशंटला हे ऑफर करा. पैशाचा प्रश्न वाटत नाही, २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटचे भाव बांधले तेव्हा वाटीच्या बटणाचा ४,०९० रुपये होता, म्हणजे सगळ्या सेटमध्ये सगळ्यात स्वस्त तेच.

कोणाच्या घरी झालंय का? जिना उतरताना काय फरक पडला ते प्लीज सांगा, "डॉक्टरांवर विश्वास ठेवा" नको, दोघांवरही आहे!

प्रतिसाद १: माझ्या सासूबाईंची वाटी तशीच ठेवली, चार वर्षं झाली, खाली बसत नाहीत पण जिना व्यवस्थित. एक करा, वाटीचा स्कायलाइन एक्सरे काढला नसेल तर काढून घ्या, वाटी आणि मांडीच्या हाडामधली गॅप त्यात सरळ दिसते. आणि पातळ म्हणजे किती मिलिमीटर आणि तासल्यावर किती उरणार, ते दोघांनाही विचारा.

धागाकर्ती: थँक्स ताई. आमच्याकडे समोरून आणि बाजूने असे दोनच एक्सरे आहेत, स्कायलाइन कोणीच काढायला सांगितला नव्हता. सोमवारी काढून दोघांनाही दाखवते आणि इथेच लिहिते.