अनुभव धागा : जोडीनं, गाडीसकट, जंगलजेटीवरून

गेल्या रविवारी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं दिवेआगरचा बेत आखत होतं. तो मोबाइल दाखवून म्हणत होता, "माणगाव-म्हसळा करून सरळ रस्ता आहे." ती म्हणत होती, "असू दे. मला गाडी बोटीत घालायचीये." बरोबर तिचंच होतं. पण परक्यांच्या भांडणात कशाला पडा, म्हणून इथे धागा काढतोय.

ज्या नाशिककरांनी जोडीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं प्रवास केलाय आणि वाटेत एखादी तरी खाडी जंगलजेटीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीनं, गाडीसकट ओलांडलीये, त्यांनी लिहा. हॉटेलांची यादी नको, काय घडलं ते सांगा. सुरुवात मीच करतो.

पहाटे चारला पाथर्डी फाटा सोडला. कसारा घाट, भिवंडीचे ट्रक, पनवेल, पेण यात सांगण्यासारखं काही नाही. सहल सुरू झाली ती रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर. कोर्लई, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला पोचलो तर बोट नुकतीच सुटलेली. चहा पिऊन होईतो दुसरी आली. "गाडी उलटी चढवा," बोटीवरचा पोरगा म्हणाला. रिव्हर्सची मला एरवी भीती नाही, पण धक्क्यावर तिरका टेकलेला तो लोखंडी फाळका आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं पाणी आरशात दिसलं आणि तळहाताला घाम सुटला. बायको खाली उतरून हातवारे करत होती, "डावीकडे घ्या, डावीकडे!" पोरगा बोनेटवर थाप मारून ओरडत होता, "दादा, उजवा कट मारा, येऊ द्या, येऊ द्या, बास!" तेवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी तिच्यादेखत दुसऱ्याचं ऐकलं.

गाडी चढली. हँडब्रेक ओढून खाली उतरतो तर ही कठड्याशी पाठमोरी उभी. खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसत होता. त्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही आणि तो कधी कुणाला जिंकता आला नाही, वगैरे मी बोलून पाहिलं. दिघीला उतरेपर्यंत माझ्यासमोर दोन जंजिरे होते.

अबोला फुटला तो शेखाडीजवळ. दिवेआगर ते श्रीवर्धन रस्ता डोंगर आणि पाणी यांच्या बेचक्यातून जातो, मधेमधे तर अगदी लाटांच्या शेजारून. "थांबवा की जरा," एवढंच म्हणाली. तासभर खडकावर बसलो. एका बाईनं रस्त्याच्या कडेलाच जवळा वाळत घातला होता आणि गाड्या अंगावरून जाऊ नयेत म्हणून चारी कोपऱ्यांना दगड मांडले होते. तिच्याकडून किलोभर घेतला. अजून फ्रिज उघडला की कोकण येतं.

सातपूरहून

आमचं बाइकवर. लग्नाला दोन महिने झाले होते, फेब्रुवारी होता, म्हणून सासऱ्यांनी मळ्यातल्या द्राक्षांची पेटी मागं बांधून दिली. नको म्हणायची सोय नव्हती. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर सूर्यास्त बघत बसलो आणि बागमांडल्याची शेवटची बोट गेली. समोर सावित्रीच्या पलीकडे वेश्वीचे दिवे दिसतायत, बुकिंग पलीकडे वेळासला, आणि रस्त्यानं जायचं तर म्हसळा, आंबेत, मंडणगड असा मोठा वळसा. बायको म्हणाली, "पोहून जाऊ का?" धक्क्याजवळच्या एका काकूंनी ओटीवर जागा दिली. भात, सुरमईचं कालवण, सोलकढी. पैसे घेईनात, तेव्हा पेटी उघडली. काकूंनी एक मणी तोंडात टाकला आणि आत हाक मारली, "अहो, या इकडे, आपली बाजारातली नाय ही." सकाळी निघताना रिकाम्या पेटीत नारळ, सुपाऱ्या आणि आमसुलं भरून मिळाली. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडायची सकाळची वेळ मात्र हुकली. संध्याकाळी पिल्लं बघितली, सहा.

नाशिकरोडहून

मी लिहितेय, हे नाही. ह्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे गाडी माझ्याकडे. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. मुलगा म्हणाला, आई, द्वारकेचा चौक पार करून दाखव, मग कोकणाचं बोलू. केला.

वरच्या दादांनी भरती-ओहोटीचं लिहिलं नाही, ते सांगते. दाभोळहून धोपाव्याला जाताना आम्ही पूर्ण ओहोटीला पोचलो. बोट खाली गेलेली असते, फाळक्याचा उतार वाढतो, आणि आमच्यासारखी खाली बसकी गाडी असली की पोट घासतं. बोटीवरच्या मुलानं ह्यांना आणि दोन बॅगांना खाली उतरवलं, तरी कर्रर्र आवाज आलाच. ह्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मी पुढच्या सीटवर बसून रामरक्षा म्हणत क्लच सोडला. वाशिष्ठी ओलांडायला लागतात ती थोडीच मिनिटं, पण सोबत एसटीतून उतरावी तशी कॉलेजची पोरं, कोंबड्यांची पाटी, गॅस सिलिंडर. आपल्याला सहल असते ती त्यांची रोजची ये-जा.

पुढे हेदवीला दशभुजा गणपती करून बामणघळीत गेलो. भरतीला त्या चिरेत पाणी कोंडून उंच उसळतं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तळाशी दोन खेकडे. मुक्कामाच्या घरी मालकांना तिथी सांगितली, त्यांनी बोटांवर मोजून वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी नखशिखान्त भिजलो. ह्यांनी गुडघ्यांची तक्रार केली नाही.

पंचवटीहून

एवढ्या उचापती कशाला? भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० पासून रो-रो आहे. आधी बुकिंग करा, गाडी आत लावा, वर जाऊन एसीत बसा, तासाभरात मांडवा. आमची ही अलिबागपर्यंत झोपली होती. सहल म्हणजे आराम.

त्र्यंबक रोडहून

पंचवटीकर, झोपायला घर आहे की!

आपण दरवेळी कोकण म्हणजे दक्षिणच का धरतो कळत नाही. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, मनोर करून केळव्याला गेलो. रात्री सुरूच्या बनात बसलो असताना बायको म्हणाली, गोदावरीला उगमापासून समुद्र सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर होता, तरी ती पाठ फिरवून १४६५ किलोमीटर उलटी गेली. मी म्हटलं, माहेरची माणसं जवळ राहत असली की असंच होतं. या वाक्याचा हिशेब अजून चालू आहे. परतीला सफाळ्याहून विरारची रो-रो धरली, वैतरणेच्या मुखावरची, २०२५ मध्ये सुरू झालेली. रस्त्यानं ६० किलोमीटरचा वळसा पडतो, पाण्यातून जेमतेम दीड.

इंदिरानगरहून

दिवेआगरला २०१९ च्या दिवाळीत एका सुपारीच्या वाडीत उतरलो होतो. दुपारी बाराला आत दिवा लावावा लागेल अशी सावली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ त्याच किनाऱ्यावर आलं. २०२२ मध्ये पुन्हा गेलो तर त्याच अंगणातून थेट आभाळ दिसत होतं. मालक वहिनींनी नवी रोपं दाखवली, गुडघ्याएवढी, केळीच्या सावलीला लावलेली. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, त्या म्हणाल्या. ह्यांनी परत येताना बोटीवर कॅमेरा काढलाच नाही. यंदा पुन्हा जायचं आहे.

जायचं त्यांनी जाऊन घ्या. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या कामात या खाड्यांवर पूल घातले जाणार आहेत. पूल झाला की गावातल्या आजारी माणसाला रात्री शेवटच्या बोटीची वाट बघावी लागणार नाही, तेव्हा तो व्हावाच.

धागाकर्त्याच्याच खात्यावरून

मी यांची बायको. जवळ्याचं लिहिलं, जंजिऱ्याचं लिहिलं, पण गाडीच्या उजव्या मागच्या दारावर वीतभर ओरखडा आहे त्याचं कुठेच नाही. बोटीच्या कठड्याचा हिरवा रंग अजून त्यात आहे.

मी डावीकडे म्हणत होते.