लायकेन स्क्लेरोसस: दोष प्रतिकारशक्तीचा की अडकलेल्या लघवीचा?

मूळ मुद्दा (ओलावा):
शिश्नाच्या टोकाला पांढरे चट्टे आले. कातडी पातळ होऊन चिरायला लागली, मग आवळली आणि मागे सरेनाशी झाली. दोन वर्षं बुरशी समजून मलमं चोपडली. बायोप्सीत लायकेन स्क्लेरोसस निघालं. डॉक्टर म्हणाले, ‘ऑटोइम्यून आहे, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती कातडीवर उलटलीय.’ विषय संपला!
मला ते पटत नाही. जन्मतःच सुंता झालेल्यांत हा आजार अगदी क्वचित दिसतो. सगळा दोष प्रतिकारशक्तीचा असता, तर अग्रत्वचेच्या, म्हणजे टोकावरच्या कातडीच्या, एका घडीने एवढा फरक का पडावा? लघवीनंतरचे थेंब त्या घडीत साचतात आणि वर्षानुवर्षं कातडी पोळवतात, असं माझं मत.

तिरपागडा:
थेंब कोणाचे राहत नाहीत हो? मग सगळ्यांना का होत नाही? आणि बायकांत हा आजार जास्त, त्यांना कुठली आलीय अग्रत्वचा! कातडीतल्या ईसीएम-१ या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी २००३ साली बऱ्याच रुग्णांत सापडल्या, त्याचं काय?

ओलावा:
ते रुग्ण मुख्यतः बायकाच होत्या. थायरॉइडसारख्या आजारांची जोडही त्यांच्यातच जास्त, पुरुषांत तेवढी नाही. शिवाय कातडी खराब झाल्यावर त्या अँटीबॉडी तयार झाल्या नसतील कशावरून? मूत्रमार्ग दुरुस्त करताना दुसरीकडची त्वचा लावली तर तिच्यावरही हा आजार उगवतो. म्हणून सर्जन गालाच्या आतलं अस्तर घेतात. ते ओलीला सरावलेलं असतं.

तिरपागडा:
हे तर माझ्याच बाजूचं झालं. त्वचा नवी, प्रतिकारशक्ती जुनीच! आणि क्लोबेटासॉलचं स्टिरॉइड मलम लावून बरं वाटतं ते का? स्टिरॉइड काही लघवी पुसत नाही.

चिकित्सक_चिंतू:
स्टिरॉइड कुठलीही जळजळ दाबतं, त्याने मूळ कारण ठरत नाही. बोरेलिया जंतूवरही संशय होता, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. लैंगिक संबंधातून हा आजार पसरत नाही, एवढं मात्र नक्की. ज्यांच्या घरात उगाच संशय शिजतोय त्यांच्यासाठी सांगतोय.

तिरपागडा:
बरं, थेंब ही ठिणगी असेल. पण दारूगोळा आतला, प्रतिकारशक्तीचाच. नुसती लघवी पुसून भागेल असं समजून कोणी मलम सोडू नका.

ओलावा:
मलम सोडा असं मी कुठे म्हटलं? सुंता केल्यावर बरेचसे पुरुष बरे होतात, तेव्हा त्या ठिणगीलाही मान द्या म्हणतोय. माझी पुढच्या महिन्यात आहे. काढलेली कातडी तपासायला पाठवा असं आधीच बजावलंय, कारण यात कर्करोगाचा धोका थोडा असला तरी असतो.