‘स्वतःवर विश्वास ठेव’ हा सल्ला चित्रकार मुलींना पुरेसा आहे का?

निळीशाई
चित्रकला शिकणाऱ्या मुलींना हा सल्ला हमखास मिळतो: स्वतःवर विश्वास ठेव, बाकीचं आपोआप जुळून येईल. मला तो आता फार खटकतो. ज्या स्त्रिया इतिहासात मागे राहिल्या त्यांचा विश्वासच कमी पडला, असा त्याचा उलटा अर्थ निघतो.

सतराव्या शतकातली डच चित्रकार युडिथ लेस्टर बघा. १६३३ साली ती हार्लेमच्या चित्रकार-संघात दाखल झाली. स्वतःची कार्यशाळा, स्वतःचे शिष्य. त्यातला एक शिष्य तिला सोडून चित्रकार फ्रान्स हाल्सकडे गेला, तेव्हा ती थेट संघाकडे तक्रार घेऊन गेली. हाल्स म्हणजे त्या शहरातलं केवढं मोठं नाव! अशा बाईला आत्मविश्वास कमी होता असं कोण म्हणेल? तरी पुढे तिची चित्रं त्याच हाल्सच्या नावावर खपत राहिली. १८९३ मध्ये हॉफ्स्टेडे डी ग्रूट या अभ्यासकाने एका ‘हाल्स’च्या चित्रावर तिची आद्याक्षरं दाखवून दिली. आणि झालं काय, तर त्या चित्राच्या व्यवहारावरून वाद पेटला, विकत घेणाऱ्याला पैसे परत हवे झाले. रंगाचा एक ठिपकाही बदलला नव्हता.

रेघोट्या
अजिबात सहमत नाही. विश्वासाने प्रसिद्धी मिळते असं मीही म्हणणार नाही, पण विश्वासाशिवाय चित्रच होत नाही, त्याचं काय?

क्युबन-अमेरिकन चित्रकार कार्मेन हेरेरा १९१५ साली जन्मली. तिचं पहिलं चित्र विकलं गेलं २००४ मध्ये, वयाच्या ८९व्या वर्षी. कित्येक दशकं ती सरळ रेषा आणि मोजके रंग घेऊन काम करत राहिली, गिऱ्हाईक नसताना. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट १९०६ पासून अमूर्त चित्रं काढत होती, म्हणजे अमूर्त चित्रकलेचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या कान्डिन्स्कीच्या अमूर्त चित्रांच्या आधीपासून. आपल्या मृत्यूनंतर २० वर्षं ही चित्रं कुणाला दाखवू नयेत, असं तिने सांगून ठेवलं. आज नाही तर उद्या लोकांना कळेल, ही खात्री असल्याखेरीज कुणी असं सांगेल का? २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सुरू झालेल्या तिच्या प्रदर्शनाला सहा लाखांहून जास्त लोक आले. हे सगळं मुळात घडलं ते तिने हात थांबवला नाही म्हणून. व्यवस्था बदलायला पिढ्या लागतात; उद्या सकाळी कागदापुढे बसायचं बळ मुलीला आजच लागतं.

निळीशाई
हेरेराचा नवरा शिक्षक होता, घर त्याच्या पगारावर चालत होतं. आफ क्लिंट स्टॉकहोमच्या अकादमीत शिकलेली, निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं विकून पोट भरणारी. विश्वास दोघींकडे होता, मान्य. पण त्याला वेळेचा आणि पैशाचा टेकू होता, तो तुम्ही गाळताय. आणि एका गॅलरीच्या मालकिणीने ‘तू बाई आहेस म्हणून तुझं प्रदर्शन करणार नाही’ असं आपल्याला तोंडावर सांगितलं, हे हेरेराने स्वतःच सांगितलंय. तिथे आणखी किती विश्वास ठेवायचा होता तिने?

पाणरंग
तुम्ही दोघी मनाबद्दल बोलताय, मी हाताबद्दल बोलते. मानवी शरीर काढायला शरीर बघावं लागतं. लंडनची रॉयल अकादमी ही चित्रकार-शिल्पकारांची संस्था १७६८ मध्ये स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत अँजेलिका कौफमान आणि मेरी मोझर या दोघी चित्रकार होत्या. योहान झोफनीने या सभासदांचं समूहचित्र काढलं. त्यात पुरुष मंडळी विवस्त्र मॉडेलभोवती जमलेली आहेत आणि या दोघी भिंतीवरच्या दोन चौकटींत! त्या खोलीत बायकांनी असणं योग्य मानलं जात नव्हतं, म्हणून संस्थापकच तसबिरी झाल्या. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली पहिली स्त्री म्हणजे लॉरा नाइट, १९३६ साली. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेने मुलींना प्रवेश दिला तो १८९७ मध्ये.

मोठी ऐतिहासिक चित्रं तेव्हा सर्वश्रेष्ठ समजली जात आणि त्यांना शरीराचा अभ्यास लागे. मग बायकांच्या वाट्याला फुलं, फळं, तोंडवळे. वर ‘बायकांची झेपच तेवढी’ हा शेरा. स्फूर्ती कितीही आली तरी खांद्याचा सांधा कसा फिरतो हे ती शिकवत नाही.

उंबरठा
मला ‘उपेक्षित’ हे लेबलच पटत नाही. कौफमान तिच्या काळात युरोपभर गाजली. लेस्टरची हार्लेमच्या इतिहासकारांनी तिच्या हयातीतच स्तुती केली. इटालियन चित्रकार आर्टेमिसिया जेंटिलेस्कीला १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला-अकादमीने सभासद करून घेतलं. यांना समकालीनांनी ओळखलं होतं. विसरले ते नंतरचे सूचीकार आणि ग्रंथलेखक. आपणही सरसकट ‘बिचाऱ्या’ म्हटलं की त्यांनी कमावलेलं यश दुसऱ्यांदा पुसलं जातं.

दुसरं, आपण त्यांच्याबद्दल काय बोलतो? आर्टेमिसिया म्हटलं की तिच्यावरच्या बलात्काराचा खटला. फ्रेंच शिल्पकार कामीय क्लोदेल म्हटलं की तिचा गुरू आणि प्रियकर, शिल्पकार रोदँ, आणि वेड्यांच्या इस्पितळातली ३० वर्षं. तिचं ‘वॉल्ट्झ’ हे शिल्प बघा एकदा. दोन नाचणारी शरीरं तोल जाण्याच्या अगदी कडेवर आहेत. धातूकडून हा कल तिने कसा काढून घेतला, यावर कुणी दोन वाक्यं लिहील का? ‘रोदँची प्रेरणा’ म्हणून तिला ओळखणारे मला भेटतात, तेव्हा खरंच संताप येतो.

रेघोट्या
क्लोदेलबद्दल शब्दन् शब्द पटला. तरी माझा मुद्दा सोडत नाही. मी शिकवते. समोरची मुलगी चित्र पाठीमागे लपवते, तेव्हा तिला अकादम्यांचा इतिहास सांगून तो कागद पुढे येत नाही. ‘दाखव, चांगलं आहे’ एवढंच लागतं.

निळीशाई
तेवढं सांगाच, आणि सोबत हेही सांगा: प्रत्येक चित्रावर सही कर, तारीख घाल, कुणाला दिलं ते लिहून ठेव. आफ क्लिंटने हजारो पानांच्या नोंदी मागे ठेवल्या, म्हणून कोणतं चित्र कधीचं यावर आज बोलता येतं.

पाणरंग
म्हणजे चित्रही तिनेच काढायचं आणि स्वतःचा दफ्तरखानाही तिनेच सांभाळायचा? पुरुषांसाठी हे काम बायकोने, शिष्याने, विक्रेत्याने केलं. नोंदी ठेवाव्यात, पण जबाबदारी संग्रहालयांची. गोदामात पडलेली, ‘अमक्याच्या शैलीतलं’ अशी चिठ्ठी लावलेली चित्रं त्यांनी आधी उजेडात तपासावीत.