मदत हवी आहे : आईचा काचबिंदू, आता नळी बसवायची की लेझर?

नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, आम्ही साताऱ्याचे. तिच्या उजव्या डोळ्याची ट्रॅबेक्युलेक्टोमी (काचबिंदूचं ऑपरेशन) तीन वर्षांपूर्वी झाली, पण पाणी बाहेर जायला केलेली वाट व्रणाने बुजली. तीन प्रकारचे थेंब आणि प्रेशर उतरवणाऱ्या डायमॉक्सच्या गोळ्या घेऊनही डोळ्याचं प्रेशर ३० च्या खाली येत नाही. गोळ्यांनी हातापायाला मुंग्या येतात, जेवण जात नाही. डाव्या डोळ्याने फक्त उजेड कळतो, म्हणजे सगळी भिस्त या एकाच डोळ्यावर.

डॉक्टर डोळ्यातलं पाणी बाहेर काढणारी नळी बसवा म्हणतात. पर्याय दोन: अहमद व्हॉल्व्ह किंवा मदुराईच्या ऑरोलॅब कंपनीचं आडी (AADI). अहमदला झडप असते, प्रेशर लगेच उतरतं, पण काही आठवड्यांनी पुन्हा चढू शकतं. आडी बरंच स्वस्त, नळीतलं पाणी जिच्यावर पसरतं ती त्याची चकती मोठी, त्यामुळे पुढे प्रेशर जास्त खाली राहण्याची आशा. मात्र त्याला झडप नाही, म्हणून नळी विरघळणाऱ्या टाक्याने बांधतात आणि ती साधारण पाच-सहा आठवड्यांनी उघडते. तोवर हा डोळा तग धरेल का, आणि उघडताना प्रेशर एकदम कोसळलं तर? रात्री झोप लागत नाही या विचाराने.

दुसऱ्या डॉक्टरांनी डायोड लेझर सुचवलं. त्यात पाणी तयार करणारा भागच भाजतात. दिसत्या डोळ्यावर ते करायला माझा धीर होत नाही.

तुमच्या घरी कुणाला आडी बसवलंय का? ते मधले आठवडे कसे गेले, किती वेळा तपासणीला जावं लागलं? पुढच्या सोमवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचं आहे.