कॅसिनोसह मोठं हॉटेल सोलापुरात: हरकत नेमकी कशावर घ्यायची?

होटगीरोडकर: रोजगार येईल म्हणून काही जण बाजूने आहेत, काही ठाम विरोधात. गोव्यात चालतं, मग इथे अडचण काय? आणि हरकत द्यायची कशी?

नगररचना_सोलापूर: कॅसिनोचा मुद्दा मुळातच उभा राहत नाही. महाराष्ट्राचा 1976 चा कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. जुगारबंदीचा 1887 चा कायदा लागू आहेच. गोव्याने 1992 मध्ये स्वतःच्या कायद्यात बदल करून वाट काढली, ती आपल्याला लागू नाही. म्हणून भांडायचं ते हॉटेलवर.

जमिनीचं आरक्षण, म्हणजे विकास आराखड्यात ठरलेला वापर, बदलायचं असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 37 खाली राजपत्रात सूचना निघते. हरकतीला एक महिना मिळतो, मग सुनावणी, शेवटी शासनाची मंजुरी. अर्जात सर्व्हे नंबर, सूचनेची तारीख आणि सुनावणीची मागणी लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदत उलटली की चांगला मुद्दाही वाया जातो. नुसतं ‘संस्कृती बिघडेल’ लिहिलेलं सुनावणीत टिकत नाही.

उजनीचं_पाणी: पाण्यावर बोट ठेवा! चार तारांकितपर्यंतच्या हॉटेलला खाटेमागे रोज 180 लिटर धरतात, पंचतारांकितला 320. दोनशे खाटा म्हणजे 36 ते 64 हजार लिटर, पोहण्याचा तलाव वेगळा. शहराला नळाला रोज पाणी येत नसताना हे कुठून आणणार, हे लेखी मागा.

होटगीरोडकर: बांधकाम मोठं असेल तर?

नगररचना_सोलापूर: 20,000 चौरस मीटरपासून पुढे पर्यावरण मंजुरी लागते. तिची प्रतही मागा.